अकराव्या पानावरची खूण

माझ्या थोरल्या जाऊबाईंना एका जागी स्वस्थ बसलेलं मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा त्या अर्ध्या उठलेल्या असतात. बोलताना त्यांचा एक पाय टेबलाखाली सारखा हलतो, आणि टेबल हलकं असेल तर समोरच्याच्या कपातला चहाही हलतो. मंडळातले लोक त्यांना मागून भिंगरी म्हणतात. त्यांना ते माहीत आहे, पण थांबून रागवायला त्यांना वेळ नाही.

मंडळ म्हणजे ग्रंथालय मित्र मंडळ. आमच्या भागातलं सार्वजनिक ग्रंथालय पालिकेचं आहे, पण पालिका दिवे, पंखे आणि पगार यापलीकडे हात सैल सोडत नाही. नवी पुस्तकं आणणं, फाटलेली शिवणं, ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्या घरी पुस्तकं पोचवणं, शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवणं, हे सगळं मंडळ करतं. मंडळाचं ऑफिस वाचनकक्षाच्या मागे आहे. तिथे पूर्वी बादल्या आणि झाडू ठेवायचे. नळ अजून तिथेच आहे आणि तो ठिबकतो. अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक आहेत. ते बैठकीत डोळे मिटून ऐकतात, निदान आम्ही त्याला ऐकणं म्हणतो. खजिनदार दंतवैद्य आहेत. त्यांच्यापुढे अख्खं गाव तोंड उघडून बसतं आणि वर्गणीचं नाव काढलं की मिटून घेतं. जाऊबाई सचिव. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, मंडळात मला पद नाही, म्हणून उरलेली सगळी कामं माझी.

आणखी एक सांगून टाकते, कारण पुढे ते लागणार आहे. जाऊबाई पुस्तकं वाचत नाहीत. लोकांनी वाचावं म्हणून त्या आमदारांपासून शिंप्यापर्यंत सगळ्यांच्या मानगुटीवर बसतात, पण स्वतः एक पान सलग वाचायचं तर जिवावर येतं. “मी वाचत बसले तर तुम्हाला पुस्तकं कोण आणून देणार?” असं त्या म्हणतात. यावर काय बोलणार?

घरात वाचणारं माणूस एकच, आमच्या सासूबाई. त्या माझ्याकडे राहतात, मागच्या खोलीत. तरुणपणी टेलिफोन ऑपरेटर होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता मला कुणाशी बोलायला लावू नका, असं म्हणत रोज संध्याकाळी खिडकीशी पुस्तक घेऊन बसतात. रहस्यकथा, प्रवास, जुन्या कादंबऱ्या, काहीही चालतं. ग्रंथालयात स्वतः चालत जातात, स्वतः निवडतात. कुणी सोबत आलेलं त्यांना खपत नाही.

झालं असं की एका तरुण आईनं मुलासाठी नेलेलं पुस्तक परत आणलं आणि काउंटरवर आपटलं. आत पेन्सिलीनं कुणीतरी मिश्या काढल्या होत्या. जाऊबाई नेमक्या तिथे उभ्या होत्या. झालं! त्याच आठवड्यात बैठक बोलावली. “आपण लोकांच्या हातात उष्टी पुस्तकं देतो,” असं त्या म्हणाल्या. अध्यक्षांनी डोळे उघडले आणि पुस्तक सार्वजनिक असतं, खूण खासगी असते, तेव्हा खुणेला पुस्तकात जागा नाही, असं एक वाक्य टाकलं. ते सगळ्यांना इतकं आवडलं की त्याचा फलक करून दारावर लावला. स्वच्छ पुस्तक मोहीम सुरू झाली.

ओळीनं काही रविवार वाचनकक्षात लांब टेबलं लावली. वीस-पंचवीस स्वयंसेवक, प्रत्येकाला एक खोडरबर आणि एक मऊ ब्रश. बँकेतला कारकून, दोन परिचारिका, बेकरीवाला, कॉलेजातल्या मुली. पान उलटायचं, खोडायचं, झटकायचं, पुढचं. मी कोपऱ्यात डिंक घेऊन पुस्तकांच्या सुटलेल्या पाठी चिकटवत होते. जाऊबाई टेबलांच्या मधून फिरत होत्या. “ते बघा, तिथे एक टिंब राहिलं! पान नंबरशी बघा, लोक तिथेच खरडतात!” रबराचा चुरा जमिनीवर इतका साचला की झाडूवाल्यानं हात जोडले. शेवटच्या रविवारी दंतवैद्यांनी एक पुस्तक उजेडात धरलं आणि म्हणाले, “कीड नाही.” सगळे हसले. मीही हसले.

त्यानंतर सासूबाईंचं वाचन थांबलं.

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. संध्याकाळी खिडकीशी बसायच्या, पण हात रिकामे. विचारलं तर म्हणाल्या, डोळे दुखतात. डोळे हा माझा रोजचा धंदा. दुसऱ्या दिवशी त्यांना दुकानात नेलं, खुर्चीत बसवलं, पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. सगळ्यात खालची ओळ, जी माझ्या मालकांना स्वतःला दिसत नाही, ती त्यांनी खडाखडा म्हणून दाखवली. नंबर जुनाच होता.

“आई, डोळ्यांना काही झालेलं नाही.”

“मग कंटाळा आलाय,” त्या म्हणाल्या. “माणसाला कंटाळाही येऊ नये का?”

त्यांना आणि वाचनाचा कंटाळा! माझ्या डोक्यात भुंगा शिरला. दुकानात फ्रेमचे स्क्रू पिळताना तोच, भाजी चिरताना तोच. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, वय झालंय. या घरातल्या पुरुषांकडे प्रत्येक गोष्टीला हे एक उत्तर असतं. त्यांना ते देऊन वर्तमानपत्राकडे वळता येतं.

मग एका दुपारी मंडळाच्या पिशव्या पोचवायला ग्रंथालयात गेले, तर कपाटांच्या मागच्या रांगेत सासूबाई उभ्या. मी दिसणार नाही अशी थांबले. त्यांनी एक पुस्तक काढलं, पहिली काही पानं उलटली, एका पानावर बोट ठेवलं, चेहऱ्याजवळ नेलं, बंद केलं, ठेवलं. दुसरं काढलं. तेच पान. तिसरं. पुढे पुढे हात घाईनं चालायला लागला, पुस्तकं तिरकी राहायला लागली, एक खाली पडलं. ते उचलायला मी गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांची पेटी उघडताना त्यांना सापडले होते.

“काय शोधताय, आई?”

“खुणा कुठं गेल्या?” त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण त्यात राग होता. “अकराव्या पानावर, आकड्याच्या खाली. चिमणीच्या पावलासारखी. तीन रेघा. कुठं गेल्या माझ्या खुणा?”

माझ्या डोळ्यांपुढे ती लांब टेबलं आली, आणि जमिनीवरचा चुरा.

त्यांना बाकावर बसवलं. हळूहळू कळलं. पुस्तक वाचून झालं की परत देण्याआधी अकराव्या पानावर त्या ही खूण करायच्या. अकराच का, तर पहिलं पान कुणीही बघतं. सुरुवातीला नुसती सोय होती. पुस्तकं शेकडो, नावं सारखी, वाचलेलंच घरी न्यायला नको. पण गेल्या काही वर्षांत त्या खुणांवाचून त्यांचं चालेनासं झालं होतं.

“कुठलं वाचलंय ते मला माहीत असतं,” त्या म्हणाल्या. मग थांबल्या. “म्हणजे, पुस्तकाला माहीत असतं.”

“मग वाचलेलं परत वाचलं तर काय बिघडलं, आई? लोक वाचतात की.”

“अगं, ते मुद्दाम वाचतात.” त्यांनी माझं मनगट धरलं. “मी घरी नेलं, शेवटपर्यंत वाचलं, आणि मला कळलंच नाही तर? मला नाही कळलं, हे मला कळायला नको, धाकटे. तेवढं एक नको.”

मुलांना यातलं काही सांगायचं नाही, असं त्यांनी मला शपथेवर बजावलं. मुलांना सांगितलं नाही. जाऊबाई मुलगा नाहीत. मी पिशव्या तिथेच टाकल्या आणि तडक त्यांच्या घरी गेले. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. दारातच सुरू झाले. तुमची मोहीम, तुमची रबरं, तुमचा तो फलक! एका बाईची आठवण तुम्ही ब्रशनं झटकून केरात टाकलीत! बरंच बोलले. धाकट्या जावेनं बोलू नये इतकं बोलले.

जाऊबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांचा पाय हलत नव्हता. ते बघून मला जास्तच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी अर्थातच बैठक. जाऊबाईंनी सासूबाईंचं नाव काढलं नाही, एक वाचक म्हणाल्या. अध्यक्षांनी सुचवलं की वाचकांना खुणांसाठी स्वतंत्र वह्या वाटाव्यात. जो वाचक आपण काय वाचलं हेच विसरतो तो वही कुठे ठेवली हे लक्षात ठेवेल का, असं मी विचारलं. मग दंतवैद्य म्हणाले, सोपं आहे, कॉम्प्युटरमध्ये असेलच कुणी काय नेलं ते. ग्रंथपालबाईंना बोलावलं. त्या दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, “पुस्तक परत आलं की नाव पुसलं जातं. कोण काय वाचतं याची नोंद ग्रंथालयानं ठेवू नये, असा ठराव तुमच्याच मंडळानं आणला होता. सचिवबाईंनी माझ्या डोक्यावर उभं राहून ते करून घेतलं.”

नळ ठिबकत होता.

“पण असा वाचक काही तो एकच नाही,” ग्रंथपालबाई पुढे म्हणाल्या. “काल बसचे ड्रायव्हर आले होते. ते फुली मारायचे. एक बाई सतराव्या पानाचा कोपरा किंचित दुमडायच्या, तुम्ही तोही इस्त्री केल्यासारखा सरळ केलात. सगळे येऊन कपाटापुढे उभे राहतात आणि तसेच जातात. मी म्हटलं, मंडळाला कळवते.”

बेकरीवाल्यानं मान खाली घातली. आपल्यालाही ती फुली दिसली होती, दर पुस्तकात एकाच जागी, आणि मजा वाटली होती, असं तो म्हणाला. तरी त्यानं खोडली होती, कारण दुसऱ्यांपेक्षा आपली पुस्तकं जास्त स्वच्छ व्हावीत असं त्याला वाटत होतं. पुस्तकांवर इतकं प्रेम करणाऱ्या माणसांच्या हातूनच असं होऊ शकतं. ज्याला पुस्तकांशी देणंघेणं नाही तो रविवारी घरी झोपला असता आणि सासूबाईंच्या खुणा जागच्या जागी राहिल्या असत्या.

फलक त्या दिवशी उतरवला. पण फलक उतरवून चिमणीची पावलं परत येत नाहीत.

त्या संध्याकाळी जाऊबाई आमच्याकडे आल्या त्या कापडी पिशवीत पुस्तकं भरून. सासूबाईंच्या खोलीत गेल्या, खुर्ची ओढली. मी दाराशी उभी होते. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही. म्हणाल्या, “आई, मी पहिलं पान वाचते. तुम्ही सांगा, वाचलंय की नाही. वाचलेलं असेल तर खूण करा.”

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं हे त्यांना कळलं. त्या दिवशी त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, पण जाऊबाईंना नको म्हणाल्या नाहीत.

जाऊबाई वाचायला लागल्या. मी आयुष्यात इतकं वाईट वाचन ऐकलं नाही. गाडी पकडायची असल्यासारखं, पूर्णविराम तुडवत. पाय हलतोय, खुर्ची करकरतेय. सासूबाई चौथ्या ओळीला म्हणाल्या, “यात माळी मरतो. आण ती पेन्सिल.” दुसऱ्याला म्हणाल्या, “ही बाई शेवटी घर विकते. फार रडते.” तिसऱ्याला काहीच म्हणाल्या नाहीत. जाऊबाई पुढचं पान वाचू लागल्या. तेही संपलं. “नसेल वाचलं,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची ती भीती मी पाहिली. नसेलच वाचलं की आठवत नाही? जाऊबाईंनाही ती दिसली असावी. कारण त्या एकदम म्हणाल्या, “मग वाचूच आपण. मलाही माहीत नाही पुढे काय होतं.”

असं रोज सुरू झालं. मंडळाचे फोन वाजत राहायचे, जाऊबाई घ्यायच्या नाहीत. अध्यक्ष मला दुकानात गाठून विचारू लागले, सचिव आजारी आहेत का? मी म्हटलं, वाचतायत. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय.

तिसरं ते पुस्तक दीपगृहावरच्या एका स्वयंपाक्याचं होतं. वादळात बोट येत नाही, धान्य संपत येतं, आणि हा माणूस रोज असलेल्या नसलेल्यातून सगळ्यांना जेवायला घालतो, आणि आपण स्वतः जेवलो नाही हे कुणाला कळू देत नाही. जाऊबाईंची गाडी तिथे हळू झाली. बाहेर भांडी घासता घासता मीही नळ बंद करून ऐकायचे. शेवटचं पान झालं तेव्हा सासूबाईंनी डोळे पुसले, अकरावं पान उघडून तीन रेघा ओढल्या आणि म्हणाल्या, “कित्येक दिवसांत इतकं चांगलं काही वाचलं नव्हतं.” माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, सुटलो.

दोनतीन दिवसांनी दुकानातून आले तर जाऊबाई स्वयंपाकघरात ओट्याशी पाठ करून उभ्या. खांदा हलत होता. जवळ जाऊन पाहते तर दीपगृहाचं पुस्तक, अकरावं पान, आणि हातात रबर.

“ताई! खोडायची हौस अजून फिटली नाही का तुमची?”

“हळू बोल.” त्यांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. “काल त्यांनी हेच पुस्तक हातात घेतलं. खूण दिसली. कितीतरी वेळ त्या खुणेकडे बघत बसल्या. मग मला विचारलं, थोरले, हे मी कधी गं वाचलं? परवा संपवलं होतं आम्ही. परवा!”

“मग काय म्हणालात?”

“म्हटलं, दुसऱ्या कुणाची असेल खूण. त्या म्हणाल्या, नाही, पाऊल माझं आहे. आणि मग जेवल्याच नाहीत.” त्यांनी पानावर फुंकर मारली. “खूण नसली तर पुस्तक नवं. नवं असलं की त्या खूश असतात. मी काय करू, तू सांग. तुला फार बोलता येतं.”

मला संताप आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना. ही फसवणूक आहे, असं एकदा वाटायचं. मग आतून सासूबाईंचं हसणं ऐकू यायचं आणि वाटायचं, असू दे. दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलताना मी विचारते, आता बरं दिसतं की आधी बरं दिसत होतं? त्या दिवसांत तो प्रश्न विचारतानासुद्धा मला कसंतरी व्हायचं. कामात लक्ष लागेना. एकाच्या चष्म्याला दुसऱ्याच्या काचा बसवल्या, मालक ओरडले.

दीपगृहाचं पुस्तक पुन्हा सुरू झालं. संपलं. सासूबाईंनी डोळे पुसले, तीन रेघा ओढल्या. जाऊबाईंनी खोडल्या. मधे दुसरी पुस्तकं होत होती, पण दर थोड्या दिवसांनी सासूबाई पिशवीतून तेच उचलायच्या. मंडळातर्फे मुदत वाढवून वाढवून ग्रंथपालबाईही थकल्या आणि मग विचारेनाशा झाल्या. जाऊबाईंना ते आता जवळपास पाठ होतं. वादळ आलं की त्या आवाज खाली आणायच्या. स्वयंपाक्याला त्यांनी एक वेगळा, घोगरा आवाज दिला होता. आणि एके दिवशी माझ्या लक्षात आलं की खुर्ची करकरत नाही.

परवाची संध्याकाळ. मी चहा घेऊन आत गेले. जाऊबाईंनी निवडायला पुढे केलेल्या पिशवीतून नेहमीसारखं दीपगृहाचंच पुस्तक निघालं होतं. सासूबाईंनी ते उघडलं. पहिलं पान नाही, सरळ अकरावं. तिथे काहीच नव्हतं. जाऊबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

सासूबाईंनी आकड्याच्या खाली अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा. मग पान उजेडासमोर धरलं. मीही पाहिलं. त्या जागी कागद इतका झिजला होता की पलीकडची अक्षरं उलटी दिसत होती.

मी हातातले कप खाली ठेवले. जाऊबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. आयुष्यात प्रथमच त्यांच्याकडे काही सुचवायला नव्हतं.

सासूबाई त्या पातळ जागेकडे बघत राहिल्या. मी ग्रंथालयातल्या बाकावर त्यांच्याजवळ बसले होते तेव्हाची ती पकड मला मनगटावर आठवली. मग त्यांनी पुस्तक मिटलं, शेजारची पेन्सिल उचलली आणि ती खिडकीच्या कट्ट्यावर, हात पोचणार नाही अशी लांब सरकवून दिली. पुस्तक जाऊबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि खुर्चीत मागे टेकल्या.

“वाच, थोरले,” त्या म्हणाल्या. “आणि त्या स्वयंपाक्याला या खेपेला घाई करू नकोस.”